कमानीखालची वाट

शास्त्रपाठ : १ राजे १९:१-२१



इंदूर शहरातील कृष्णपुऱ्यात आमचे बिऱ्हाड आहे. पुलावर उभे राहिले की नदीकाठच्या छत्र्या दिसतात. होळकर घराण्यातील कृष्णाबाई, दुसरे तुकोजीराव आणि शिवाजीराव ह्यांच्या स्मरणार्थ त्या बांधलेल्या आहेत. त्यांच्या दगडी कमानी पाहण्यास लांबून लोक येतात. आम्ही उभयता संध्याकाळी फिरावयास निघतो आणि त्या कमानींपाशी थोडे थांबतो. कलेची आवड हे एक कारण आहे. दुसरे कारण असे की, आम्हांला दम नेमका तेथेच लागतो.

ह्या कमानी माणसांनी बांधल्या. कारागिरांनी एकेक दगड घडविला, मापाने बसविला, आणि ज्यांच्यासाठी बसविला त्यांची नावे राहिली. परंतु आज आम्हांला दुसऱ्या एका कमानीविषयी सांगावयाचे आहे. ती कोणी बांधली नाही. तिच्यात एकही दगड कोणी बसविला नाही. उलट तिच्यातून दगड गळून गेले, म्हणून ती झाली. त्या कमानीखाली बसून ह्या वयात आम्ही एक धडा शिकलो. तो शिकण्यापूर्वी आमच्या मनाची काय दशा होती, हे सांगितल्यावाचून पुढे जाणे प्रामाणिकपणाचे होणार नाही.

आमच्या घरात मराठी आणि उपासनेत हिंदी, अशी इकडच्या पुष्कळ ख्रिस्ती घरांची रीत आहे. मंडळीच्या शब्बाथशाळेत आम्ही उभयतांनी बरीच वर्षे एक वर्ग चालविला. आठ ते बारा वर्षांची मुले असत. दर शनिवारी रात्री जेवणे आटोपली की दिव्याखाली बसून धडा तयार करावयाचा आणि तो वहीत लिहून ठेवावयाचा, असा आमचा नेम होता. अशा वह्यांची एक चवड कपाटात जमली. गेल्या ईस्टरनंतर तो वर्ग एका तरुण भगिनीकडे सोपविण्यात आला. ती आमच्याच वर्गात शिकलेली. कोणी वावगा शब्द बोलले नाही. आम्हांला शाल दिली, टाळ्या वाजल्या, फोटो निघाला. आम्ही हसतमुखाने घरी आलो आणि ती शाल न उलगडताच ट्रंकेत टाकली.

त्यानंतर पुष्कळ महिने आम्ही उपासनेला शेवटच्या बाकावर बसू लागलो. आशीर्वाद होताच बाहेर पडू लागलो. कोणी विचारले तर गुडघे दुखतात असे सांगत होतो. ते खोटे नव्हते. गुडघे खरोखरच दुखत होते. परंतु रविवारी जरा अधिक दुखत होते, हेही खरे. वह्यांचे कपाट आम्ही बंदच ठेवले. कोणी मागितल्या नाहीत, मग आपण होऊन का द्याव्या, असे आम्ही एकमेकांस म्हणालो. एवढ्या वर्षांची सेवा एका शालीत गुंडाळून संपली, हा सल आम्ही जपून ठेवला होता.

अशात हिवाळा आला, आणि शब्बाथशाळेची सहल भीमबेटक्यास जाणार असल्याचे उपासनेत जाहीर झाले. वडीलधाऱ्यांनीही यावे अशी विनंती होती. आमचा जाण्याचा विचार नव्हता. परंतु ती तरुण भगिनी घरी आली आणि दारातच म्हणाली, “काका, काकू, गाडीतली पुढची दोन आसनं तुमच्यासाठी ठेवली आहेत. मागे धक्के बसतात.” आम्ही गुडघ्यांचे कारण सांगितले. ती म्हणाली, “तिथे वर पर्यंत रस्ता आहे. आत फरसबंद वाट आहे. जिथवर जमेल तिथवर या, नाहीतर सावलीत बसा.” ह्यावर आमच्याजवळ उत्तर उरले नाही.

इंदूरहून भोपाळ सुमारे एकशे नव्वद किलोमीटर आणि तेथून नर्मदापुरमच्या रस्त्याने आणखी सुमारे पंचेचाळीस. पहाटे अंधारातच निघालो. वाटेत पोहे झाले, मुलांची गाणी झाली, आणि ऊन चढण्याच्या आत टेकडीवर पोहोचलो. आमच्या वयाच्या वाचकांना एक सांगून ठेवतो. सह्याद्रीतही अशा निसर्गनिर्मित कमानी आहेत. राजगडावर, रतनगडावर कातळाला आरपार पडलेली नेढी आहेत. पण तेथवर चढून जाणे आता आमच्यासारख्यांच्या आवाक्यातले राहिले नाही. भीमबेटक्यास मात्र वाहन बरेच जवळ जाते. काही पायऱ्या आहेत, काठी हवी, पाणी हवे, थंडीचे दिवस हवेत आणि घाई नको. एवढे सांभाळले तर म्हाताऱ्या माणसासही तेथे जाता येते.

हे ठिकाण रातापानीच्या अरण्यात आहे. सागाचे रान, आणि त्यातून वर डोके काढलेले प्रचंड खडक. ह्या टेकड्यांच्या रांगेत सातशेहून अधिक प्रस्तराश्रय आहेत आणि त्यांतील चारशेहून अधिक ठिकाणी आदिमानवाची चित्रे आहेत. १९५७ साली विष्णु श्रीधर वाकणकर आगगाडीने ह्या बाजूने चालले असता त्यांना खिडकीतून हे खडक दिसले. युरोपातील चित्रगुहांच्या खडकांची त्यांना आठवण झाली, म्हणून ते उतरून पायी येथे आले आणि चित्रांचा हा ठेवा अभ्यासकांच्या नजरेस आला. वाकणकर नीमचचे, मराठी घरातले, आणि त्यांच्या कार्याचे केंद्र उज्जयिनी होते. १९७५ साली त्यांना पद्मश्री मिळाली आणि १९८८ साली ते वारले. २००३ साली युनेस्कोने ह्या स्थळाचा जागतिक वारशात समावेश केला. २०२४ च्या डिसेंबरात रातापानीचा व्याघ्र प्रकल्प जाहीर झाला, तेव्हा त्याला वाकणकरांचे नाव देण्यात आले. त्या गाडीत त्या दिवशी किती उतारू असतील! खडक सर्वांना दिसले, पाहिले एकाने.

ह्या प्रस्तराश्रयांत सर्वांत मोठी आहे ती सभागृह-गुहा. तिला सर्वजण ‘ऑडिटोरियम’ म्हणतात. गुहा म्हटले की एक तोंड आणि आत अंधार असे आपल्या डोळ्यांसमोर येते. ही तशी नाही. ही खडकातून आरपार गेलेली उंच कमान आहे. एका बाजूने आत जावे आणि दुसऱ्या बाजूने उजेडात बाहेर पडावे. आत उभे राहून वर पाहिले तेव्हा आम्हांला एखाद्या जुन्या दगडी मंदिराच्या उंच छताची आठवण झाली. अभ्यासकांनी लिहून ठेवले आहे की, हिच्या वाटा एकमेकींस काटकोनात छेदतात आणि चार दिशांना उघडतात. म्हणजे जमिनीवरचा आकार क्रुसासारखा होतो. ह्यावरून कोणी चमत्कार काढू नये. क्रुसाची खूण आपल्याला खडकात शोधावी लागत नाही. तरीपण ‘त्या क्रुसाच्या मध्यावर उभे राहा’ असे मुलांना कोणी सांगितले, तेव्हा सारा गलका एकदम थांबला, हे आम्ही आमच्या कानांनी ऐकले. अथवा असे म्हणू की, आमच्यापैकी एकाच्या कानांनी ऐकले आणि दुसऱ्यास सांगितले.

गुहेच्या भिंतीवर खालच्या बाजूस एका लहान मुलाच्या पंजाचा ठसा आहे. हात लावण्यास मनाई आहे, म्हणून आमच्यातील एका नऊ वर्षांच्या मुलाने आपला पंजा हवेतच त्याच्यासमोर धरला. माप जवळजवळ जुळले. मग त्याने विचारले, “आजोबा, त्याला रंग कोणी कालवून दिला?” आम्ही म्हणालो, “कोणीतरी मोठ्या माणसानं दिला असेल.” “त्याचा हात कुठाय?” आम्ही भिंतीकडे पाहिले. मोठ्या माणसाचा हात तेथे नव्हता. रंग कोणी कालविला हे कोण सांगणार? पण ज्याने कालविला असेल, त्याने आपला पंजा तेथे उमटविला नाही. मुलाचा उमटू दिला.

ह्या प्रश्नाने आमच्या मनाला पहिला चिमटा बसला. दुसरा लगेच बसला, तो ह्याच गुहेच्या छतामुळे. त्याची हकिकत अशी. २०२० साली काही भूगर्भशास्त्रज्ञ ही गुहा पाहण्यास आले होते. छताजवळ त्यांना पानाच्या शिरांसारखी एक आकृती दिसली. डिकिन्सोनिया नावाचा एक अतिप्राचीन जीव सुमारे पंचावन्न कोटी वर्षांपूर्वी समुद्रतळाशी राहात असे. त्याचाच हा अश्मीभूत ठसा असावा असे त्यांना वाटले. २०२१ साली त्यांचा लेख प्रसिद्ध झाला आणि जगभर त्याची वार्ता पसरली. पुढे अमेरिकेतील फ्लोरिडा विद्यापीठाचे जोसेफ मीर्ट आणि त्यांचे सहकारी येथे आले. त्यांनी पाहिले तो ती आकृती खडकावरून सुटून चालली होती. अश्म कधी असा सोलून निघत नाही. ते एका मधमाश्यांच्या पोळ्याचे उरलेले मेण होते! २०२३ साली त्यांनी हे प्रसिद्ध केले. पहिल्या लेखाचे प्रमुख लेखक ग्रेगरी रीटॅलॅक हे आपल्या क्षेत्रातील नामांकित अभ्यासक. त्यांनी वाद घातला नाही. आपली चूक झाली हे त्यांनी मोकळेपणाने मान्य केले.

मुलांना ही गोष्ट सांगताना आम्ही हसलो. मुलेही हसली. परंतु हसता हसता मनात आले : आपण आपल्या हृदयाच्या छताला काय चिकटवून ठेवले आहे? आपला झालेला अपमान आपण खडकात कोरलेला, कधीही न पुसणारा असा समजत आहोत. तो जर नुसते मेण असेल तर? आणि ते मेण आहे असे दिसून आल्यावर ‘आमची चूक झाली’ असे म्हणण्याइतके मोठे मन आपल्याजवळ आहे काय?

मुले पुढच्या चित्रांकडे निघाली. पुढच्या खडकांवर प्राण्यांचे कळप आहेत, शिकारी आहेत, हातात हात घालून नाचणारी माणसे आहेत. आमच्या गुडघ्यांनी मात्र ‘पुरे’ असे सांगितले. म्हणून आम्ही कमानीच्या तोंडाशी सावलीत टेकलो. दोन्ही बाजूंनी वारा येत होता. थोड्या वेळाने ती तरुण शिक्षिका मुलांना इतरांच्या स्वाधीन करून पाण्याची बाटली घेऊन परत आली आणि आमच्याजवळ बसली. काही वेळ कोणीच बोलले नाही. मग ती म्हणाली, “काकू, मला शनिवारी रात्री झोप येत नाही.”

आम्ही विचारले, का? ती म्हणाली, “मुलं प्रश्न विचारतात आणि मला उत्तरं येत नाहीत. मागच्या रविवारी एलीयाचा धडा होता. एका मुलीनं विचारलं, कर्मेल डोंगरावर देवानं स्वर्गातून अग्नी पाठवला, सगळ्या लोकांनी पाहिला, मग दुसऱ्या दिवशी एलीया एका बाईच्या धमकीला घाबरून का पळाला? मी म्हटलं, पुढच्या वेळी सांगते. तुम्हांला विचारायला दोनदा कृष्णपुऱ्यात आले होते. दार बंद दिसलं. म्हटलं, तुम्हांला बरं नसेल, त्रास नको.”

प्रियजनहो, दार बंद होते हे खरे. आम्ही घरातच होतो.

तिचे हे शब्द ऐकले आणि आमचा सल कोणाच्या पायात मोडला होता ते आम्हांला कळले. आम्ही रुसून बसलो होतो मंडळीवर, आणि त्याचा भुर्दंड भरीत होती ती मुलगी, जिने आमचे काहीच बिघडविले नव्हते. आम्ही समजत होतो की आमचा वर्ग आमच्याकडून काढून घेतला. वस्तुतः वर्गाकडून आम्हीच आम्हांला काढून घेतले होते.

आम्ही तिला उत्तर देऊ लागलो आणि देता देता ते उत्तर आम्हांलाच ऐकू येऊ लागले. तेच आता आपल्यापुढे ठेवतो.

एलीया थकला होता. एका दिवसाचा मार्ग रानात चालून तो एका झुडपाखाली बसला आणि आता मरण यावे असे त्याने मागितले. देवाने त्याला रागे भरले नाही. दूत पाठवून त्याला भाकर आणि पाणी दिले, झोपू दिले, पुन्हा उठवून खाऊ घातले. थकलेल्या सेवकाला आधी जेवण आणि झोप, मग उपदेश, ही देवाची रीत आहे. हे शिक्षकांनी व पाळकांनी लक्षात ठेवावे. नंतर चाळीस दिवस चालून तो होरेब डोंगरावर आला आणि एका गुहेत राहिला. तेथे देवाने त्याला विचारले, तू येथे काय करीत आहेस?

त्यावर त्याने आपले गाऱ्हाणे सांगितले. मी तुझ्यासाठी इतके केले, लोकांनी तुला सोडले, मी एकटाच उरलो आहे, आणि माझाही जीव घेऊ पाहतात. मग वारा झाला, भूमिकंप झाला, अग्नी झाला आणि शेवटी एक मंद, शांत वाणी आली. तेव्हा एलीयाने झग्याने आपले तोंड झाकले आणि तो गुहेच्या तोंडाशी उभा राहिला. देवाने पुन्हा तोच प्रश्न विचारला. आणि एलीयाने पुन्हा तेच उत्तर दिले. दहावे वचन आणि चौदावे वचन शेजारी ठेवून वाचून पाहा. इतके सारे पाहूनही त्याचे गाऱ्हाणे तसूभर बदलले नाही. मनात धरलेली तक्रार अशीच असते. आपण ती इतक्या वेळा घोकतो की, देवाच्या समोरही तीच तोंडून निघते.

देवाने त्या गाऱ्हाण्याचे खंडन केले नाही आणि त्याला पाठीवर हात फिरवून घरीही पाठविले नाही. त्याने त्याला काम दिले. हजाएलाचा अभिषेक कर, येहूचा अभिषेक कर, आणि अलीशाचा अभिषेक करून तुझ्या जागी त्याला संदेष्टा नेम. शिवाय सांगितले की, तू एकटा नाहीस. ज्यांनी बआलापुढे गुडघा टेकला नाही असे सात हजार मी इस्राएलात राखून ठेवले आहेत.

आता पुढे काय झाले ते ध्यानात घ्या. ह्या तीन कामांपैकी एलीयाच्या हातून प्रत्यक्ष झालेले काम शास्त्रात एकच दिसते, आणि ते म्हणजे अलीशाला बोलावणे. हजाएल अरामाचा राजा होईल हे त्याला अलीशाने सांगितले. येहूच्या मस्तकावर तेल ओतले गेले ते अलीशाने पाठविलेल्या एका तरुणाच्या हातून. म्हणजे देवाने एलीयाला जे काम सांगितले ते त्याच्या मागून आलेल्याने आणि त्याच्याही हाताखालच्याने पुरे केले. तरी ते राहिले असे शास्त्र म्हणत नाही. देवाच्या हिशेबात आपले काम आपल्याच हातून पुरे झाले पाहिजे असा नियम नाही. आपण ते योग्य हातात दिले की नाही, एवढे तो पाहतो.

आणि तो झगा! होरेबाच्या गुहेपाशी ज्या झग्याने त्याने आपले तोंड झाकले होते, तोच त्याने शेत नांगरणाऱ्या अलीशाच्या अंगावर टाकला. एकाच अध्यायातील तेरावे आणि एकोणिसावे वचन पाहा. जोवर झगा तोंडावर होता तोवर एलीयाला कोणी दिसत नव्हते; तो एकटा होता. झगा दुसऱ्याच्या खांद्यावर गेला आणि त्याला एक सोबती मिळाला. पुढे अलीशाची ओळख लोक अशी सांगत की, हा एलीयाच्या हातांवर पाणी घालीत असे. एलीयाचे कामही तेथे संपले नाही. नाबोथाच्या द्राक्षमळ्यात जाऊन राजाला जाब विचारणारा एलीया ह्यानंतरचाच आहे. उत्तराधिकारी नेमणे म्हणजे अडगळीत पडणे नव्हे.

हे बोलून झाल्यावर आम्ही तिघेही वर पाहू लागलो. डोक्यावर केवढा थोरला खडक! हा खाली का येत नाही? ह्याचे उत्तर शास्त्रज्ञ देतात. दगड दाबाला बळकट आणि ताणाला कच्चा असतो. सपाट फरशी दोन टोकांवर ठेवून वर वजन घातले तर ती खालून तडकते. कमानीत मात्र वरचा भार दोन्ही बाजूंनी जमिनीकडे उतरतो आणि त्या भारानेच तिचे दगड एकमेकांना घट्ट धरून राहतात. २०१४ साली प्राग येथील चार्ल्स विद्यापीठातील शास्त्रज्ञांनी वालुकाश्मावर प्रयोग करून दाखविले की, ज्या भागावर भार पडतो त्या भागातील वाळूचे कण एकमेकांत अडकून बसतात आणि पाण्याने सहसा झिजत नाहीत. ज्या भागावर भार नसतो तो गळून जातो. निसर्गातल्या वालुकाश्माच्या कमानी अशा रीतीने आकारास येतात.

पाहा, ही केवढी बोलकी गोष्ट आहे! जे भार वाहात नाही ते गळते आणि जे भार वाहते ते टिकते. म्हातारपणीही असेच होते. आपले पद गळते. खुर्ची गळते. सभेत आपले नाव आधी घेतले जाणे गळते. दात, केस, ऐकण्याची शक्ती हीही गळतात. हे सारे गळताना दुखते. दुखत नाही असे आम्ही म्हणणार नाही. परंतु ज्या ठिकाणी आपण दुसऱ्याचा भार घेतलेला असतो, त्या ठिकाणी प्रभू आपल्याला घट्ट धरून ठेवतो. एका लेकरासाठी केलेली प्रार्थना, एका घाबरलेल्या शिक्षिकेला दिलेला धीर, एका रुसलेल्या घराशी केलेला समेट, हे गळत नाही. आणि जे गळून गेले त्याची रिकामी जागा व्यर्थ नसते. त्या रिकाम्या जागेतूनच तर वाट झाली! खडक भरीव असता तर मुले कोठून पलीकडे गेली असती? भरीव खडकासमोर माणूस थांबतो. कमानीखालून तो पुढे जातो आणि जाताना सावलीही मिळवतो.

एकाहत्तराव्या स्तोत्रात एक वृद्ध मनुष्य देवाजवळ मागतो की, माझे केस पिकले तरी मला सोडू नकोस. का सोडू नकोस? त्याने विश्रांती मागितली नाही, मानही मागितला नाही. पुढच्या पिढीला तुझे सामर्थ्य सांगेपर्यंत मला सोडू नकोस, असे तो म्हणतो. त्याला देवाच्या सामर्थ्याची वाट व्हावयाचे होते. आपण प्रभू येशूकडे पाहू या. त्याने स्वतःला रिकामे केले, असे पौल फिलिप्पैकरांस लिहितो. जो स्वतः मार्ग आहे, त्याने आधी स्वतःला रिकामे केले. मग त्याच्या शिष्यांना वाट होण्याचा दुसरा उपाय कोठून मिळणार?

आता दोन शब्द तरुण शिक्षकांना व मंडळीच्या पुढाऱ्यांना. वडीलधाऱ्यांना शाल द्या, परंतु शालीवर थांबू नका. त्यांना काम द्या. वर्गातील मुलांची नावे लिहून द्या आणि दररोज प्रार्थना करावयास सांगा. वर्षातून काही वेळा त्यांना वर्गात बोलावून एखादी गोष्ट सांगू द्या. सहलीस नेताना पुढची आसने राखून ठेवा. आणि त्यांचे दार बंद दिसले तर तिसऱ्यांदा वाजवा. कमानीला दोन पाय लागतात. एका पायावर कमान उभी राहात नाही.

आणि आमच्या वयाच्या भावाबहिणींना एवढेच सांगणे की, कोणी मागेल म्हणून थांबू नका. अलीशाने झगा मागितला नव्हता. तो बैल हाकीत होता. एलीयाच चालत त्याच्यापर्यंत गेला.

त्या दिवशी कमानीखाली आम्ही त्या मुलीची क्षमा मागितली. ती संकोचली, “काका, असं काय!” म्हणाली आणि तिचे डोळे भरले. आमचेही भरले. तेवढ्यात मुले परत आली. कोणी रानडुकराचे चित्र पाहिले, कोणी हत्ती मोजले, कोणाला माकडाने भिवविले. आम्ही जेथवर जाऊ शकलो नाही तेथले सारे त्यांनी आम्हांला बसल्या जागी आणून दिले. आपण गेलो नाही तरी आपली मुले जातात आणि परत येऊन सांगतात. ह्यातही केवढी कृपा आहे!

रात्री उशिरा घरी पोहोचलो. दुसऱ्या दिवशी कपाट उघडले. वह्यांवर धूळ होती. काहींच्या कडा कसरीने खाल्ल्या होत्या. पुसून, क्रमाने लावून त्या एका पिशवीत भरल्या. आमच्यापैकी एकाने ट्रंकेतून ती शाल काढली, उलगडली आणि वह्या पावसात भिजू नयेत म्हणून गुंडाळावयास घेतली. हिवाळ्यात पाऊस कोठला? पण त्या शालीचा काही उपयोग व्हावा असे वाटले. पिशवी घेऊन आम्ही पुलावरून निघालो तेव्हा छत्र्यांच्या कमानींतून सकाळचे ऊन पलीकडे जात होते. त्या दिवशी आम्ही दम खाण्यास तेथे थांबलो नाही.

सर्व काही बदलले असे आम्ही म्हणत नाही. रविवारी घंटा झाली की अजूनही पाय वर्गाच्या खोलीकडे वळतात आणि मग आठवते. जुने मेण एका दिवसात खरवडून निघत नाही. परंतु आता शनिवारी रात्री दाराची कडी वाजते. ती येते, सोबत पुढचा धडा आणि मुलांचे प्रश्न आणते. काहींची उत्तरे आम्हांलाही येत नाहीत. मग तिघे मिळून शास्त्र उघडतो.

आपण प्रार्थना करू या.

हे प्रभो, तू आमचा खडक आहेस. आमच्यातून जे गळून गेले त्याबद्दल आम्ही तुझ्याशी भांडलो, त्याची आम्हांला क्षमा कर. आमच्या हातून जे गेले त्याच्या जागी तू वाट कर. आमच्या मुलांना त्या वाटेने तुझ्या उजेडात ने. आणि जोवर आम्ही उभे आहोत तोवर त्यांचा भार वाहण्याची शक्ती दे, म्हणजे आम्ही टिकून राहू. येशूच्या नावाने मागतो. आमेन.